गुरुवारचा बंदुकीचा तास

३ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी ६.१०
आजपासून रोज लिहायचं. रोज म्हणजे रोज. वही शाळेच्या स्टोअरमधली. पहिली सात पानं फाडावी लागली, त्यांवर वेल्डिंगच्या काचांची यादी होती.
या वर्षीचे संकल्प: एक, वजन वीस पौंड कमी करणं. दोन, वर्गात आवाज चढवायचा नाही. तीन, बंदूक-सुरक्षेचा तास शाळेत सुरू करून दाखवायचा.
तिसरा झाला की पहिले दोन आपोआप होतील.
सव्वीस वर्षं या शाळेत शेती, सुतारकाम आणि वेल्डिंग शिकवतोय. एकवीस वर्षं शनिवारी चर्चच्या तळघरात शिकाऱ्यांचा सुरक्षा-वर्ग घेतोय. आयोवाच्या या कोपऱ्यात ज्याच्या खिशात हरणाच्या शिकारीचं लायसन्स आहे, त्याच्या सर्टिफिकेटवर माझी सही आहे. आर्लन रुस्ताद. जरा मोठीच करतो, वाचता यावी म्हणून.
एकवीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याला गोळी लागलेली नाही. सोरेन होवलँड धरायचा नाही. तो अपघात होता.

५ सप्टेंबर, गुरुवार
मुख्याध्यापिका मिसेस वेल्डन यांनी बोलावलं. शाळेच्या बोर्डानं परवानगी दिली! दर गुरुवारी एक तास, अकरावीच्या मुलांना. नोव्हेंबरात बोर्ड बघणार आणि कायमचा ठेवायचा की नाही ते ठरवणार.
मी लगेच पिशवीतून माझा बारा धड्यांचा आराखडा काढला. नळीची दिशा, शिकाऱ्यानं घालायचं नारिंगी जाकीट, झाडावरच्या मचाणाचा पट्टा (तीन धडे). त्यांनी तो बाजूला ठेवला. म्हणाल्या, आधी मुलांना विचारू या, त्यांना काय हवंय.
कशाला? मी म्हणालो.
"कारण तास त्यांच्यासाठी आहे, आर्लन."
सव्वीस वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. वासराला विचारून कुणी लस टोचत नाही.
मुलांकडून फॉर्म भरून घ्यायचं काम ब्रिना होवलँडकडे दिलंय. सोरेनची धाकटी बहीण. मी म्हणालो, तिच्यावर कशाला हे ओझं? मिसेस वेल्डन म्हणाल्या, तिनंच मागून घेतलं.
डोनट: दोन. (आनंदाचा दिवस होता.)

११ सप्टेंबर, बुधवार
ब्रिनानं फॉर्म दाखवला. पाच प्रश्न, नावाशिवाय भरायचा. मी सहावा सुचवला: 'रुस्ताद सरांची शिकवण्याची पद्धत अ) उत्तम ब) फार चांगली क) चांगली.' तिनं शांतपणे पेन्सिलनं खोडला. पोरगी हुशार आहे, पण विनोदबुद्धी कमी. खरं तर तो विनोद नव्हता.

१९ सप्टेंबर, गुरुवार. दुपारी ३.४०
पहिला तास. आज नुसतं बोलणं. वर्कशॉपमध्ये बावीस मुलं, बाकांवर, रंधा मारायच्या टेबलांवर, जिथं जागा मिळेल तिथं. मी ठरवलं होतं फक्त ऐकायचं. साधारण चार मिनिटं जमलं.
हॉलिस ब्रँट (आडदांड, फुटबॉल, बापाची डुकरं) म्हणाला, "सर, सेफ्टीचा खटका कुठे असतो ते मला दुधाचे दात होते तेव्हापासून माहितीये. तेच परत शिकवणार असाल तर मी मागे बसून झोपतो."
कोरा म्हणाली, तिच्या आजीलाही माहीत आहे, ती मोतीबिंदू घेऊन खारी मारते.
सगळे हसले. मीही हसलो. वातावरण उत्तम.
मग एफ्राइन बोलला. त्याचे आईवडील मांसाच्या कारखान्यात, तो सहसा तोंड उघडत नाही. म्हणाला, "आमच्या घरी एकही बंदूक नाही. पण मी ज्याच्या घरी राहायला जातो तिथं असते. आई म्हणते, विचारून घे. काय विचारू? 'काकू, केक झकास झालाय, बंदुका कुठे ठेवता?'"
कोरा म्हणाली, तिच्या मैत्रिणीचे वडील दोन बिअर झाल्या की पिस्तूल काढून जेवणाच्या टेबलावर ठेवतात, पाहुण्यांना दाखवायला. "तेव्हा मी काय करायचं असतं सर? बटाटे सरकवा म्हणायचं?"
हॉलिस म्हणाला, शहरातून बाई आणू नका, जी बंदूक म्हटली की डोळे मिटते आणि आम्हाला गुंड समजते. "आणि असाही माणूस नको जो तासभर नारिंगी जाकीट दाखवतो."
बावीस जण माझ्याकडे बघत होते. मी खिडकीकडे बघितलं. बाहेर मका पिवळा पडायला लागलाय.
एकूण तास यशस्वी. मुलांना विषयाची ओढ आहे.

२५ सप्टेंबर, बुधवार
फॉर्म मोजून झाले. ब्रिना, मी आणि मिसेस वेल्डन, त्यांच्या ऑफिसात. सगळ्या शाळेतून त्र्याऐंशी मुलं.
घरात बंदूक आहे: एकाहत्तर.
शाळेत असा तास हवा: चौसष्ट. (मी म्हटलंच होतं!)
शिकवणारा स्वतः शिकार करणारा हवा: साठ. (!!)
शिकवणारा ओरडणारा नको: बारा. हे कुस्तीच्या कोचबद्दल असणार.
बंदुकीच्या कपाटाची किल्ली कुठे असते ते मला माहीत आहे आणि घरच्यांना वाटतं मला माहीत नाही: अठ्ठावन्न.
हा आकडा मी मनावर घेतलेला नाही. या वयात पोरं फुशारकी मारतात. आणि असलंच खरं, तर तो त्या घरांतल्या बेजबाबदार बापांचा प्रश्न आहे.
शेवटचा प्रश्न होता, काय शिकायला आवडेल. सगळ्यात जास्त, एकोणपन्नास मुलांनी, एकाच अर्थाचं लिहिलं होतं: मित्र किंवा घरातलं कुणी वाईट अवस्थेत असेल आणि घरात बंदूक असेल, तर काय करायचं.
मचाणाचा पट्टा: चार.
चार ही सुरुवात वाईट नाही.

२६ सप्टेंबर, गुरुवार. संध्याकाळी ६
जेवताना सहज म्हणालो, अठ्ठावन्न पोरांना म्हणे किल्ली माहीत आहे, काय काळ आलाय.
मॅरेन (माझी मुलगी, चौदा वर्षांची, काट्यानं वाटाणे मोजत होती) म्हणाली, "आपली कॉफीच्या जुन्या डब्यात असते, डॅड. त्याआधी घड्याळात होती."
कॉनी (बायको) माझ्याकडे बघत राहिली. कॉनी बघते तेव्हा बोलत नाही, तेच वाईट.
जेवण झाल्यावर किल्ली गॅरेजमधल्या रबरी बुटात ठेवली. डाव्या.

२७ सप्टेंबर, शुक्रवार
मॅरेन शाळेला जाताना: "डाव्या बुटात."
किल्ली फ्रीझरमध्ये, हरणाच्या मांसाखाली.

२९ सप्टेंबर, रविवार
चर्चहून आल्यावर किल्ली टेबलावर होती. तिच्यावर बर्फ. शेजारी चिठ्ठी: 'चार मिनिटं लागली.'
कॉनीनं किल्ली उचलली आणि स्वतःच्या कामाच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवली. ती वृद्धाश्रमात नर्स आहे, औषधांच्या कपाटाची किल्ली जशी कमरेला असते तशी आता हीही असेल. म्हणाली, "संपला विषय." मला अडचण एवढीच की आता माझ्याच बंदुकीसाठी मला बायकोला विचारावं लागेल.
तत्त्व म्हणून विरोध नोंदवला. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं.

३ ऑक्टोबर, गुरुवार
खरी बंदूक शाळेत आणायची नाही असा नियम. मिसेस वेल्डननी निळ्या प्लास्टिकची दिली. तिच्यावर नळीची दिशा समजावत होतो तर हॉलिस म्हणाला, "सर, हिच्यात पाणी भरायचं का?" पुढची दहा मिनिटं वाया.
तास संपल्यावर ब्रिना थांबली. तिनं स्वतः धडे लिहून आणलेत. पहिलाच धडा: मित्र मनानं बरा नाही असं वाटलं तर सरळ विचारायचं कसं, आणि तो बरा होईपर्यंत बंदूक घराबाहेर न्यायची कुठे. मी म्हणालो, हा समुपदेशकाचा विषय.
ती म्हणाली, "समुपदेशक दोन आठवड्यांनी एकदा येतात सर. तीन शाळा आहेत त्यांच्याकडे."
मी म्हणालो, माझा तास अपघात टाळायचा आहे. सोरेनसारखे.
तिनं दप्तर खांद्यावरून खाली ठेवलं. म्हणाली, "सोरेन बंदूक साफ करत नव्हता, सर."
मी म्हणालो, साफ करायचं सामान बाहेर काढलेलं होतं, मला शेरीफनं सांगितलं होतं.
"ते डॅडनी काढून ठेवलं. नंतर. शेरीफ यायच्या आधी."
मग ती शाळेच्या बसला उशीर होतो म्हणून गेली.
दुःखात माणूस मनानं काहीही रचतो. मुलीशी नीट वागायचं. दफनाच्या दिवशी मी स्वतः बोललो होतो, 'एका क्षणाचं दुर्लक्ष' यावर, लोक रडले होते. त्या आठवड्यातला सोरेन मला स्पष्ट आठवतो. हसतमुख. वर्कशॉपमध्ये आलाही होता, कसल्याशा किरकोळ कामाला. काम आठवत नाही.

१० ऑक्टोबर, गुरुवार
मिसेस वेल्डनचा निर्णय: अर्धा तास माझा, अर्धा ब्रिनाचा. मी खिलाडूपणे मान्य केलं. (दार जरा जोरात लागलं, ते वाऱ्यानं.)
माझ्या अर्ध्या तासात नारिंगी जाकीट. हॉलिस खरोखर झोपला.
ब्रिनाच्या अर्ध्या तासात जोड्या लावून एकमेकांना विचारायचं होतं, "तू ठीक आहेस का, खरं सांग." मला वाटलं होतं पोरं टवाळी करतील. पहिली पाच मिनिटं केलीही. मग वर्कशॉपमध्ये एवढी शांतता झाली की कॉम्प्रेसरची गळती ऐकू यायला लागली. हॉलिसची जोडी एफ्राइनशी. दोघंही खाली बघून काहीतरी बोलत होते, बराच वेळ.
कॉम्प्रेसरचा वॉशर बदलायला हवा.

१७ ऑक्टोबर, गुरुवार. दुपारी ४.३०
जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो, म्हणजे पुढे कुणी वाढवून सांगायला नको.
आज ब्रिनाचा विषय होता, कपाटाबाहेरच्या बंदुका. घरात अशा कुठकुठल्या आहेत ज्या कुणी मोजतच नाही, ते आठवून सांगायचं. कोठारातली, पलंगाखालची, आजोबांची भिंतीवरची. छान चाललं होतं. मी मध्येच म्हणालो, याला म्हणतात शिस्त. माझ्या घरी सगळ्या कपाटात, किल्ली नर्सकडे.
हॉलिस म्हणाला, "आणि तुमच्या पिकअपमधली? सीटमागची?"
मी म्हणालो, ती ऑगस्टमध्येच काढली.
"परवा पंपावर डिझेल भरताना बघितली, सर."
मी म्हणालो, चल, दाखवतो. मला खात्री होती. अगदी शंभर टक्के. बावीस मुलांना घेऊन शाळेच्या पार्किंगमध्ये गेलो, वाटेत शिस्तीवर बोललोसुद्धा. दार उघडलं, सीट पुढे ओढली.
होती.
रविवारी कायोटी (रानकुत्रा) वासरांच्या मागे लागला होता म्हणून घेतली होती, परत ठेवायची राहिली. ठेवायला गेलो तोवर कॉनी किल्ली घेऊन कामावर, म्हणून. म्हणजे एका अर्थी किल्लीच्या नव्या व्यवस्थेमुळेच. पण तेव्हा हे सुचलं नाही. मी एवढंच म्हणालो की निदान रिकामी तरी आहे, आणि दाखवायला बोल्ट, म्हणजे गोळीच्या खाचेवरचा दांडा, मागे ओढला.
गोळी बाहेर उडून कोराच्या बुटाजवळ पडली. आत आणखी तीन होत्या.
कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. ब्रिनानं सगळ्यांना मागे सरायला सांगितलं. मोठ्यानं नाही. सगळे सरले. एकवीस वर्षं मी पहिला नियम शिकवतोय, प्रत्येक बंदूक भरलेली आहे असंच समजायचं.
मिसेस वेल्डन बाहेर आल्या. शेरीफच्या माणसाला बोलवावं लागलं, नियमच आहे. तो माझा विद्यार्थी निघाला. "सॉरी सर," असं म्हणत त्यानं रायफल गाडीत ठेवली.
चौकशी होईपर्यंत घरी बसायचं आहे.

२१ ऑक्टोबर, सोमवार
घरी. ही विश्रांती मला हवीच होती.
विचार करता लक्षात येतं की त्या दिवशीचं प्रात्यक्षिक मुलं जन्मभर विसरणार नाहीत. शिक्षक म्हणून याहून जास्त काय हवं? चौकशी समितीला हे लिहून द्यायचं.
कॉनीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, देऊ नकोस.
घरी बसलं की जुनं काय काय आठवतं. सोरेन त्या दिवशी रायफलबद्दलच काहीतरी विचारत होता. ठेवण्याबद्दल. पोरं असं काही ना काही विचारत असतात.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार
गॅरेज आवरायचं ठरवलं. सुरक्षा-वर्गाच्या जुन्या कागदांचा एक खोका उघडला, लगेच बंद केला.

७ नोव्हेंबर, गुरुवार
तास माझ्याशिवाय चाललाय. शाळेची नर्स आणि ब्रिना मिळून घेतात. मॅरेननं सांगितलं, आता दहावीची मुलंही दाराशी येऊन उभी राहतात.
आणि पोरांनी म्हणे शेतकरी सोसायटीच्या मॅनेजरला गाठलं. बियाण्याची जुनी खोली आहे, लोखंडी दाराची. कुणालाही आपली बंदूक थोडे दिवस घराबाहेर ठेवायची असेल तर तिथं ठेवता येईल, कारण विचारणार नाहीत. मॅनेजर हो म्हणाला. हॉलिसनं जाऊन खोली रंगवली. एफ्राइननं मांडण्या ठोकल्या. (ठोकायला मी शिकवलंय.)
मॅरेन म्हणाली, दोन आठवड्यांत तीन जणांनी ठेवल्या. त्यातले एक साठीचे गृहस्थ होते.
मी म्हणालो, लोकांना जरा जास्तच कौतुक वाटतंय, साधी खोली तर आहे.
"तर मग आधी कुणी का नाही केलं?" मॅरेन म्हणाली.
या वयात मुली उद्धट होतात.

१७ नोव्हेंबर, रविवार
उद्या बोर्डाची सभा. प्रत्येकाला तीन मिनिटं. माझं भाषण तयार आहे. बोर्डाला लक्षात येईल की या तासाचा पाया कुणी घातला. त्यानंतर मला सल्लागार म्हणून बोलावतील, बहुधा जानेवारीपासून. कॉनीनं निळा शर्ट इस्त्री केला. बटण लागत नाही. आतून सेफ्टीपिन.

१८ नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळी
सभा शाळेच्या लायब्ररीत. खुर्च्या पुरल्या नाहीत. शेतातून सरळ आलेले लोक, टोप्या गुडघ्यावर.
एक जण म्हणाला, बंदुकीचं शिक्षण हे बापाचं काम, शाळेचं नाही. हॉलिसचे वडील. हॉलिस उठून उभा राहिला. "डॅड, तू मला नेम शिकवलास. बाकीचं नाही शिकवलंस. मी तुला विचारलंही नाही. तुला लाज वाटली असती आणि मलाही." त्याचे वडील टोपी फिरवत बसले.
मग ब्रिना. तिच्या हातात कागद होता, तो तिनं वाचला नाही. म्हणाली:
"माझा भाऊ सोरेन बंदूक साफ करत नव्हता. या खोलीत सगळ्यांना माहीत आहे. आमचा मान राखायला तुम्ही तसं म्हणत आलात, त्याबद्दल आभार. आता म्हणू नका. त्याच आठवड्यात त्यानं एका माणसाला विचारलं होतं, माझी रायफल थोडे दिवस तुमच्याकडे ठेवता का. त्या माणसाला कळलं नाही की तो काय विचारतोय. कुणी शिकवलंच नव्हतं त्याला. मला त्याचं नाव नाही घ्यायचं. मला एवढंच हवंय की पुढच्या माणसाला कळावं."
ती बसली. सगळे आपापल्या हातांकडे बघत होते.
यानंतर अध्यक्षांनी माझं नाव पुकारलं.
मी उठलो. कागद उघडला. मचाणाच्या पट्ट्यावर बोललो. पूर्ण तीन मिनिटं. आवाज स्पष्ट होता.
पाच विरुद्ध दोन मतांनी तास कायमचा झाला. मुलांचे धडे, नर्स शिकवणार. सल्लागाराचा विषय निघाला नाही.

१९ नोव्हेंबर, मंगळवार
लिहिण्यासारखं काही नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी
वही माझी, वाचणारा मी. तेव्हा लिहून टाकतो.
मार्च, दोन वर्षांपूर्वी. मधली सुट्टी संपत आली होती. वर्कशॉपमध्ये सात-आठ पोरं होती. सोरेन दाराशी आला. मला म्हणाला, सर, माझी रायफल थोडे दिवस तुमच्या घरच्या कपाटात ठेवता का. मी ट्रॅक्टरचा पंप उघडून बसलो होतो. हात ग्रीसनं भरलेले. वर बघितलं की नाही, आठवत नाही. म्हणालो, "हे काय बंदुकांचं पाळणाघर आहे का? आपली बंदूक आपण सांभाळायची."
पोरं हसली. सोरेनही हसला. मी त्यालाच धरून बसलोय की तोही हसला. 'हसतमुख' असं या वहीत लिहिलंय मी.
तो गुरुवार होता. शनिवारी दुपारी शेरीफचा फोन आला.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार. थँक्सगिव्हिंगचा दुसरा दिवस
ठरलं. उद्या सकाळी होवलँडांकडे जाऊन सांगायचं. आईवडिलांना. तो माणूस मी.
मोठी गोष्ट आहे, नीट करायला हवी. सहा कार्डांवर लिहून काढलं. पहिल्या कार्डावर हवापाणी. दुसऱ्यावर सोरेनची आठवण. तिसऱ्यावर कबुली. चौथ्यावर मार्लीस (आई) रडेल, त्यासाठी जागा सोडलीय. पाचव्यावर केंट (वडील) बहुधा खांद्यावर हात ठेवेल किंवा मारेल, दोन्हीची तयारी. सहाव्यावर, यातून आपण सगळ्यांनी काय शिकायचं.
कॉनीला सांगितलं. सगळं. ती भांडी घासत होती. पाणी बंद केलं आणि हात पुसले. मग म्हणाली, "कार्डं नको नेऊस."
कार्डं घेतलीत. पाठांतराचा भरवसा नाही.
मनावरचं ओझं आताच निम्मं उतरल्यासारखं वाटतंय. खरं सांगायला धैर्य लागतं, ते सगळ्यांत नसतं.

३० नोव्हेंबर, शनिवार. दुपारी १२.१५
जाऊन आलो.
मार्लीस होवलँड एकटीच होती, गोठ्याच्या दाराशी. केंट खांद्याच्या ऑपरेशननंतर घरात पडून. ब्रिना सोसायटीच्या खोलीवर. वारा बोचरा. तिच्या पिकअपमध्ये मागे खाद्याची पोती लादलेली.
मी पहिलं कार्ड काढलं. थंडी लवकर आली यंदा, म्हणालो. ती म्हणाली, "काय झालं, आर्लन?"
मधलं कार्ड हातातून निसटलं. मी सरळ तिसऱ्यावर आलो. म्हणालो, तो माणूस मी होतो. सोरेननं मला विचारलं होतं.
ती म्हणाली, "माहितीये."
मला वाटलं ऐकू आलं नाही. पुन्हा सांगितलं.
"माहितीये रे. त्याच दिवशी जेवताना सांगितलं त्यानं. तुझी नक्कल करून. हात असे ग्रीसचे धरून. 'हे काय बंदुकांचं पाळणाघर आहे का?' अगदी हुबेहूब. तो नकला छान करायचा." ती एका पोत्याची शिवण चाचपत होती. "आणि आम्ही हसलो, आर्लन. केंट म्हणाला, बरोबर बोलला रुस्ताद. मी बटाटे वाढत होते. मला एवढं हसू आलं की डाव खाली ठेवावा लागला. ब्रिनाही हसली. तो आमच्याकडे बघत होता, एकेकाकडे. मग तोही हसला आणि जेवला."
मी कार्डं खिशात घातली.
"तुला विचारलं त्यानं, तुझ्यानंतर आम्हाला विचारलं. कुणालाच कळलं नाही विचारतोय म्हणून," ती म्हणाली. "तू येशील असं वाटलं होतं मला. पहिल्या वर्षी वाट बघितली. मग सोडून दिली."
चौथं कार्ड ती रडेल म्हणून होतं. ती रडली नाही. मी रडलो का, तेही लिहीत नाही.
मग ती म्हणाली, "आलाच आहेस तर ही पोती आत टाकतोस का? मला एकटीला उचलत नाहीत."
पन्नास पौंडांची एकेक. एकोणीस होती. सातव्याला पाठीत कळ आली, बाराव्याला बसावं लागलं. ती दार धरून उभी होती, वाऱ्यानं लागू नये म्हणून. सगळी आत गेल्यावर तिनं कडी घातली, हात झटकले आणि केंटच्या औषधाची वेळ झाली म्हणून घरात गेली.